घर उमरेडले हाय

विणकराचा खड्डा विणकराच्या पायाच्या मापाचा असावा, हे नागपूरच्या तांडापेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नत्थूजीच्या नशिबाला तेवढं ठाऊक नव्हतं.

हातमाग जमिनीत बसतो. माणूस खड्ड्याच्या काठावर टेकतो, पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. हात वर लुगडं विणतात. म्हणून खड्डा खोदण्याआधी माणसाला बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुताने माप घ्यायची रीत. नत्थूजी होता बुटका आणि तांडापेठेत ज्या मालकाच्या मागावर तो मजुरीने विणायचा, तिथला खड्डा मालकाच्या ताडमाड बापासाठी खोदलेला. पाय पोचावेत म्हणून नत्थूजी काठाच्या टोकाशी सरकून, अर्धा लोंबकळत बसायचा. वीस वर्षं असाच बसला. संध्याकाळी मैनाबाई त्याच्या कमरेला गरम तेल चोळायची. तेल चोळता चोळता तो म्हणायचा, "आपल्या घरचा खड्डा असता त कंबर अशी नसती झाली वं."

मैनाबाई म्हणायची, "हो." लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याची वाक्यं पाठ असतात, पुढचं वाक्यही तिला ठाऊक असायचं.

पुढचं वाक्य बापाचं असे. उमरेडला नत्थूजीचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, दारात शेवगा. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याच्यासाठी माग मांडला, सुताने माप घेतलं आणि खड्डा दोन बोटं जास्त खोदला. "वाढशील," म्हणाला. वर्षभर वाट पाहिली. पोरगा काही वाढला नाही. मग बापानेच खड्ड्यात उतरून तळाशी दोन बोटं माती घातली, पाणी शिंपडलं आणि चोपून चोपून गुळगुळीत केली. हे सांगताना नत्थूजीचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी जड व्हायचा आणि मैनाबाईचा हातही त्याच ठिकाणी थांबायचा.

उमरेडला सुताची मारामार झाली तेव्हा दोघं नागपूरला आले. दोन वर्षं कमवू, परत जाऊ, असा बेत होता. घर धाकट्या भावाच्या, शालिकरामच्या हवाली केलं. माग तसाच मांडलेला ठेवला आणि नत्थूजीने सोबत फक्त धोटा आणला. आड्या सुताची कांडी पोटात घेऊन या हातातून त्या हातात पळणारा तो धोटा शिसवीचा होता, बापाच्या हाताने काळा तुळतुळीत झालेला. दोन वर्षांची वीस झाली. पोरगी झाली, मोठी झाली, पारशिवनीला दिली. या वीस वर्षांत बिऱ्हाड पाच वेळा हललं. एका घरमालकाला पोरं फार झाली, एकाने जागा विकली, एकाने भाडं दुप्पट केलं. "घर फिरलं की वासेही फिरतात" म्हणतात. यांचं तर घरच नव्हतं, नुसतेच वासे फिरत होते. फिरत फिरत ती दोघं नाग नदीच्या काठावर येऊन टेकली. बांबू, तरट, डांबराच्या पिपांचे पत्रे. लांबी आठ हात, रुंदी पाच.

तिथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात नत्थूजीने खड्डा खोदायला घेतला. माग नव्हता, मागाला लागणारी जागाही नव्हती, पण माणसाला कुठून तरी सुरुवात करावी वाटते. हातभर खाली गेला आणि तळातून पाणी पाझरू लागलं. नदीचं काळं, वास मारणारं पाणी. तो काठावर बसून बराच वेळ पाहत राहिला. मग मैनाबाईने तवा बाजूला ठेवला आणि स्वतःच माती लोटून खड्डा बुजवला. त्यानंतर त्याने नागपुरात खड्ड्याचं नाव काढलं नाही. खड्डा म्हटला की उमरेडचाच.

पोरगी पहिलटकरीण असताना माहेरी आली होती. आई-बाप बाहेर झोपले, तिला आत झोपवलं. चौथ्या दिवशी तिनेच पिशवी भरली. "आई, मी सासरीच बरी," म्हणाली आणि गेली. त्यानंतर राखीला, दिवाळीला तिचं पत्र यायचं, ती यायची नाही. ज्या लेकीला माहेर आहे पण माहेरचं दार नाही, तिने यावं तरी कुठे? मैनाबाई हे कोणाला बोलली नाही. रहाटावर कांड्या भरताना मात्र सूत उगाच तुटायचं आणि ती सुताला शिव्या द्यायची.

*

आता मैनाबाईचं गुपित सांगतो.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात उमरेडला नात्यात लग्न निघालं. नत्थूजी तापाने फणफणलेला, म्हणून ती एकटी गेली. मांडवातून वेळ काढून ती घर पाहायला गेली. आळीच्या तोंडाशी शालिकराम भेटला, भेटला म्हणजे वाट अडवूनच उभा होता.

"वयनी, तिकडे नोका जाऊ," म्हणाला.

"काहून भाऊजी?"

तो खाली पाहू लागला, म्हणून ती गेली. घराच्या जागी घर नव्हतं. शेवगा नव्हता. होतं ते सारवलेलं लांबरुंद खळं आणि त्यावर वाळत घातलेली मिरची. पिढ्यान् पिढ्या आळीतले विणकर ज्याच्या जागेवर राहत होते तो मालगुजार तोंडाच्या शब्दाचा माणूस होता. तोंडाचा शब्द त्याच्याबरोबर गेला आणि नातवाने कागद काढले. आळीतली पाच घरं पाडून मिरचीच्या व्यापाऱ्याला जागा दिली. शालिकराम बायकोच्या भावाकडे राहायला गेला होता. मागाची लाकडं कोणी कुठे नेली, त्यालाही सांगता येईना.

मैनाबाई त्या लाल जमिनीच्या कडेला उभी राहून रडली. मिरची पसरणाऱ्या बाया म्हणाल्या, "झोंबली का वं बाई? पदर लाव नाकाले." तिने पदर लावला. चांगलं झालं, कोणी विचारलं नाही.

नागपूरला परतली तेव्हा नत्थूजी तापातून उठून दारात बसला होता. पाणीसुद्धा न विचारता त्याने विचारलं, "घर कसं हाय?"

ती खरं सांगणारच होती. वाटभर शब्द जुळवत आली होती. पण त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंडातून निघालं, "हाय तसंच हाय."

खोट्याला पाय फुटतात म्हणतात, मैनाबाईच्या खोट्याला तर भिंती फुटल्या, कौलं फुटली. त्या तापानंतर त्याच्या कमरेला एस.टी.चे हादरे सोसेनात, म्हणून स्वतः जाणं राहिलं. तो विचारायचा, ती बांधायची. शेवगा? यंदा लदबदला. कौलं? भाऊजीनं फेरली. आणि खड्डा?

"खड्ड्यावर पाट्या टाकून ठेवल्या भाऊजीनं. कोंबडी पडू नये म्हणून."

यावर तो असा हसला की मैनाबाईला वाटलं, देवा, यात पाप असेल तर माझ्या खाती लाव. त्या रात्री त्याने तिला तिसरी भाकर वाढायला लावली. पुढे सात वर्षं ते घर मैनाबाईच्या तोंडात उभं राहिलं आणि एका पावसाळ्यातही गळलं नाही.

*

शहात्तर सालच्या थंडीत सरकारने झोपड्यांची मोजणी काढली. ज्याची झोपडी मोजली जाईल त्याला फोटोचा पास मिळेल, आणि पुढे झोपड्या हलवल्या तर पासवाल्याला जागा मिळेल, अशी बातमी काठावर पसरली. माणसाला छप्पर मिळणं हा त्याचा हक्क आहे, असं कोणी तरी भोंग्यावरून सांगूनही गेलं. हक्क म्हणजे काय ते काठावरच्या लोकांना नक्की कळलं नाही, पण शब्द वजनदार वाटला. बायांनी झोपड्या सारवल्या. शेजारची जयवंता, नेहमी भाजीच्या पाटीमागे तोंड लपवून असणारी, तिने फोटोसाठी केसांना तेल लावलं.

सकाळी मोजणीवाले आले. एकाच्या हातात खडू, एकाच्या हातात वही. खडूवाल्याने पत्र्यावर आकडा टाकला. वहीवाल्याने नाव, वय, धंदा लिहिला. नत्थूजी दारात धोट्याला तेल चोळत बसला होता. मागांच्या खटखटाटात चाळीस वर्षं काढल्याने त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून उत्तरं मैनाबाईच देत होती.

"आणखी कुठं घर हाय तुमचं?" वहीवाल्याने विचारलं.

आता हा प्रश्न विचारायची ही जागा नव्हे. आपल्याकडे माणूस जिथे राहतो ते बिऱ्हाड; घर म्हणजे गावचं. "घर कुठलं?" असं कोणी विचारलं तर तो कौलांची चौकशी करत नाही, माणूस कुणाचा कोण हे विचारतो. "घर नाही" म्हणणं म्हणजे मी कोणाचीच कोणी नाही असं म्हणणं. वरून झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि या सगळ्याच्या वर तो दारात बसलेला बुटका माणूस, ज्याने नेमका "घर" तेवढा शब्द ऐकला होता आणि हातातला धोटा थांबवून बायकोच्या तोंडाकडे पाहत होता.

मैनाबाई म्हणाली, "घर उमरेडले हाय."

"मागासकट!" नत्थूजी मध्येच मोठ्याने म्हणाला. बहिरा माणूस बोलतो तसा, पार पलीकडच्या झोपडीला ऐकू जाईल असा.

वहीवाल्याने लिहिलं. त्याचा तरी काय दोष, त्याला रकाना भरायचा होता. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला तो मैनाबाईने, आणि पाडताना ती बरं वाटून हसत होती.

*

पास आले. काठावरच्या सगळ्यांना आले, त्या दोघांना नाही. मैनाबाई कचेरीत गेली, तेव्हा कळलं की "अन्यत्र घर असल्याने अपात्र." तिने विचारलं, अपात्र म्हणजे काय? शिपायाने सांगितलं, "म्हणजे तुमाले घर हाय." ती घरी आली, घर म्हणजे तरटाच्या आत, आणि डोक्याला हात लावून बसली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण करणारा फार आशावादी असला पाहिजे. मैनाबाई अडीच वर्षं थांबली. दर वेळी अर्ज, दर वेळी "पाहू". मग एके दिवशी काठावर नोटीस लागली. होळीनंतर झोपड्या उठणार. पासवाल्यांना शहराच्या पूर्वेला, कळमन्याच्या अंगाला, दहा बाय पंधरा हातांची जागा मिळणार. बाकीच्यांनी आपली सोय पाहावी.

"तू काय करशीन वं मैनाबाई?" जयवंताने विचारलं.

"पाहीन."

"काय पाहशीन? रस्ता?"

जयवंता खोचक नव्हती, तिला खरंच काळजी होती. तिनेच कचेरीतल्या मार्तंडबाबूचं नाव सांगितलं. हा पन्नाशीचा कारकून, नाकावर घसरलेला चष्मा आणि तोंडात सुपारी, पण ऐकून घेणारा. त्याने वही काढून नोंद वाचली आणि म्हणाला, "बाई, घर नाही म्हणता ना? मग उमरेडच्या नगरपालिकेचा दाखला आणा. तुमच्या मालकाच्या नावावर तिथं घर नाही म्हणून."

आयुष्यभर माणूस घर असल्याचा कागद मिळवायला धडपडतो. मैनाबाई घर नसल्याचा कागद आणायला निघाली. नत्थूजीला सांगितलं, मावसबहिणीच्या घरी तेरवी आहे. तिचा निरोप मिळताच शालिकरामने चार खेपा घालून तो कागद तयार ठेवला होता. तो तिच्या हातात देताना म्हणाला, "दादाले सांगतलं का नाही वयनी?"

"सांगीन."

"सात वर्सं झाली."

"सांगीन म्हनलं ना भाऊजी!" ती अशी ओरडली की तो बिचारा मागे सरला.

कागद घेऊन ती मार्तंडबाबूकडे गेली. त्याने तो पुढून मागून पाहिला, सुपारी या गालातून त्या गालात केली. "कागद बरोबर आहे. पण नोंद तुम्हा दोघांच्या तोंडच्या शब्दावर झाली आहे. 'मागासकट' असंसुद्धा लिहिलं आहे इथं. मालकांना आणा. त्यांनी माझ्यासमोर सांगावं आणि सही करावी. शुक्रवारपर्यंत, नंतर यादी बंद."

"मी सांगते ना साहेब त्यायच्या वतीनं."

"बाई, एकदा तुम्ही वतीनं सांगितलं ते पाहिलं ना."

तिने कागद पदरात बांधला आणि निघाली.

मंगळवारी तिने सांगायचं ठरवलं. नत्थूजी जेवत होता, म्हणाला, "या साली झोपड्या उठून रायल्या, एका परी बरंच झालं. आपून आता घरी जाऊ. खड्ड्यावरच्या पाट्या काढू. हात चालते अजून." तिने त्याच्या ताटात वरण वाढलं आणि मूग गिळून बसली. बुधवारी तेल चोळताना तोंड उघडलं, तर तो बापाच्या दोन बोटं मातीपाशी आला होता. गुरुवारी ती कानाशी वाकली आणि तो झोपलेला निघाला. शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "चला, कचेरीत सही द्याची हाय." त्याने धुतलेली टोपी घातली आणि सवयीने धोटा बंडीच्या खिशात टाकला.

*

कचेरीत रांग होती. शेवटचा दिवस, सगळा काठ तिथे उभा. जयवंता होती, पुलाखालचा लंगडा न्हावी होता, तिघी जणी कडेवर पोरं घेऊन. मैनाबाई मनात म्हणत होती, सही करून घ्यावी, वाचायची गरज पडू नये. नत्थूजीला सही येत होती, वाचणं फारसं नाही. देवाने एवढं केलं तर नारळ वाढवीन.

देवाला त्या दिवशी नारळ नको होता. मार्तंडबाबू नियमाचा माणूस निघाला. त्याने कागद हातात धरला आणि वाचून दाखवला, "नत्थूजी यांचे नावे उमरेड येथे कोणतेही घर अथवा जागा अस्तित्वात नाही. हे तुम्हाला मान्य आहे?"

नत्थूजीने कानाला हात लावला. "काय म्हनते साहेब?"

मार्तंडबाबूने मोठ्याने वाचलं. नत्थूजी हसून मैनाबाईकडे वळला. "काय म्हनते वं? मले समजून नाही रायलं."

ती त्याच्या कानाशी गेली आणि हळू बोलली. त्याने मान हलवली, ऐकू आलं नाही. पुन्हा बोलली. पुन्हा नाही. मागून कोणी तरी म्हणालं, "बोल ना बाई जोरानं, यादी बंद होईन." सात वर्षं जे त्याच्या कानापासून लपवलं, ते आता त्याच कानात ओरडून सांगावं लागणार होतं, सगळ्या काठासमोर. पण शुक्रवार होता आणि होळी तोंडावर.

"घर नाही!" ती ओरडली. "आपलं घर नाही उमरेडले! पाडलं! तिथं मिरच्या वाळवते!"

कडेवरचं एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

नत्थूजीचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं त्याला सुचलं नाही. मग त्याने विचारलं, "कधी?"

"तुमी तापानं पडले होते तवा. उमरेडच्या लग्नाच्या साली."

"आन् खड्डा?"

"बुजवला."

"बुजवला?"

"हो!" हे एवढं मोठ्याने म्हणायची गरज नव्हती, पण तिला आता हळू बोलता येत नव्हतं. ती रडत होती आणि या वेळी आजूबाजूला मिरची नव्हती.

मार्तंडबाबूने चष्मा काढून पुसला. "तुमच्या तोंडून पाहिजे, बाबा. घर आहे की नाही?"

नत्थूजी टेबलाकडे वळला. खिशावरून धोटा चाचपला. "होतं, साहेब," म्हणाला.

"होतं असा रकाना नाही."

"मंग नाही." त्याने पुन्हा म्हटलं, जणू कारकुनालाच ऐकू कमी येत होतं, "घर नाही माहं."

मग त्याने सही केली. तीन अक्षरांना चहा पिऊन व्हावा एवढा वेळ लागला आणि रांगेतल्या एकानेही घाई केली नाही.

*

त्यानंतर तो आठ दिवस बोलला नाही. कामाला गेला, आला, जेवला. तेल चोळायला पाठ दिली, पण बापाची गोष्ट निघाली नाही. मैनाबाईला वाटलं, ओरडावं त्याने, भांडावं, ताट भिरकवावं. हे गप्प राहणं तिला सोसेना. रात्री तिला लाल जमीन दिसायची. जागा मिळाली, यादीत नाव आलं, जयवंताने गूळ वाटला, आणि मैनाबाईला त्यातलं काही गोड लागलं नाही. घर देऊन जागा घेतली, असंच तिला वाटत राहिलं.

होळी झाली. ट्रक आले आणि काठ उठला. कळमन्याच्या अंगाला उघडा माळ होता, चुन्याच्या रेघा मारलेला, मुरमाड. झाड नाही, नळ एक, तोही दूर. लोक आपापल्या रेघांमध्ये उतरले आणि बांबू रोवू लागले. मैनाबाईनेही तरटाचा गठ्ठा सोडला. सांजेच्या आत डोक्यावर काही तरी पाहिजे होतं.

नत्थूजीने बांबूंना हात लावला नाही. तो रेघेच्या आत फिरला, एका जागी उकिडवा बसला, जमिनीवर हात थापला. मग न्हाव्याकडून कुदळ मागून आणली आणि खणायला लागला.

"अजी, आधी छप्पर," मैनाबाई म्हणाली. त्याला ऐकू आलं नसावं.

हातभर खाली गेला. मैनाबाई काठावर येऊन वाकली. खाली कोरडा, पिवळा मुरूम होता. आणखी हातभर गेला. पाणी नाही. त्याने वर पाहिलं आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तिला हाक मारली.

"मैना, सूत हाय का वं?"

रहाटाच्या गाठोड्यातून तिने सूत काढलं. तो काठावर बसला, धोतर वर घेतलं. ती खड्ड्यात उतरली आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप धरलं. सूत दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा गाठ मारली आणि सूत खड्ड्याला लावून पाहिलं.

"दोन बोटं जास्त झाला," ती म्हणाली.

"मंग घाल माती."

तिने घातली. ओंजळीने पाणी शिंपडलं आणि हातांनी चोपू लागली. तो वरून पाहत होता. तिला बोलायचं होतं, मान वर करायचा धीर होईना, म्हणून मातीकडे पाहूनच ती म्हणाली, "खोटं बोलले मी तुमच्याशी. सात वर्सं."

माती चोपताना आवाज किती निघाला कोण जाणे. पण त्याने ऐकलं.

"माह्या बापानं मले घर देल्लं, ते त पाडलं लोकायनं," तो म्हणाला. "मंग सात वर्सं तूनं ठेवलं मले घरात. भाडंबी नाही घेतलं."

ती मातीत बसून रडली. त्याने तिला रडू दिलं, मग हात देऊन वर काढलं आणि स्वतः पाय आत सोडले. टाचा तळाला टेकल्या. कंबर सरळ झाली. माग नव्हता, भिंती नव्हत्या, माळावरचा वारा सरळ अंगावर येत होता. त्याने खिशातून धोटा काढला आणि या हातातून त्या हातात टाकून पाहिला. पाय खाली नसलेल्या पावड्या दाबत होते.

तेवढ्यात वहीवाला आला. कोण उतरलं, कोण नाही, याची खूण करायला. दुसराच माणूस होता, पण वही तीच. त्याने जमिनीत अर्धा बुडालेला म्हातारा पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, घर कुठं हाय तुमचं?"

मैनाबाई उत्तर द्यायला पुढे झाली, पण या वेळी नत्थूजीला पूर्ण ऐकू आलं होतं. त्याने धोटा थांबवला.

"पाय पाहा ना साहेब, घरातच हाय," तो म्हणाला. "वरचं बांधून रायलो."

वहीवाल्याने खूण केली आणि पुढच्या रेघेकडे गेला. मैनाबाईने बांबू उचलला. अंधार पडायला अजून तासभर होता.